मुळी आणि गोळी

भामरागडकडच्या एखाद्या टोल्यावर पावसाळ्यात कुणाला हुडहुडी भरून ताप आला की आशाताई घरी येते. बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब किटवर सोडते, त्यावर द्रावण टाकते आणि पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसून राहते. पट्टीवर एक रेघ उमटते, ती किट नीट चालल्याची. तिच्याजवळ फॅल्सिपेरम मलेरियाची रेघ दिसली, तर ताई पिशवीतून वयानुसार रंग ठरलेलं पाकीट काढते आणि पहिली मात्रा आपल्यासमोर गिळायला लावते. त्या पाकिटातल्या गोळ्यांपैकी एक आर्टेसुनेटची. ती ज्या द्रव्यापासून बनते, ते चीनमधल्या एका साध्या झुडपाच्या पानांतून पहिल्यांदा हाती लागलं. आणि ताई जिथे बसली आहे, त्याच पडवीत कोपऱ्यातल्या भांड्यात कधीकधी भुईनिंबही भिजत पडलेला असतो. तोही तापासाठीच. तोही झुडपाच्या पानांचाच.

एका पानाची गोळी झाली, दुसरं पान भांड्यातच राहिलं. या दोहोंमधल्या वाटेवर हे पुस्तक आहे. निसर्गात सापडणाऱ्या द्रव्यांतून नवं औषध कसं शोधतात, त्याला किती वर्षं लागतात, वाटेत काय नासतं, आणि शेवटी औषधावर नाव कुणाचं राहतं, हे इथे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत उभं राहून पाहिलं आहे. मी चंद्रपुरात बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. फळ्यावर बेंझिनचं कडं काढताना खिडकीबाहेर कडुनिंब दिसायचा आणि त्या कडुनिंबाविषयी अभ्यासक्रमात एक ओळही नसायची. ती खंत मनात होती, म्हणून प्रस्तावना लिहायला हो म्हटलं.

सुरुवात झाडापासूनच करू. झाडाला पळता येत नाही. गाय आली, अळी लागली, बुरशी चढली, तरी ते जागचं हलू शकत नाही. म्हणून ते रसायनं बनवतं. कुड्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, बिब्ब्याचा चीक अंगावर उडाला तर फोड येतात, करंजाच्या तेलाचा कडवटपणा धुऊनही हाताचा जात नाही. हे सगळं त्या झाडाचं संरक्षण आहे. कोट्यवधी वर्षांच्या या झगड्यात झाडांनी, बुरशींनी, मातीतल्या जिवाणूंनी असे रेणू घडवले, जे दुसऱ्या जिवाच्या शरीरात जाऊन नेमक्या जागी अडकतात. अळीच्या नसांवर चालणारं द्रव्य माणसाच्या नसांवरही काहीतरी करतं. ते विष की औषध, हे मात्रेवर ठरतं. प्रयोगशाळेत बसून शून्यातून नवा रेणू कल्पणारा रसायनज्ञ कितीही हुशार असला, तरी त्याच्या हाताशी इतका वेळ नाही. डेव्हिड न्यूमन आणि गॉर्डन क्रॅग या दोन संशोधकांनी १९८१ ते २०१९ या काळात जगभर मंजूर झालेल्या १८८१ औषधांची छाननी केली. त्यांतली जवळजवळ पाव औषधं थेट निसर्गातली होती किंवा निसर्गातल्या रेणूत थोडा फेरफार करून बनवलेली होती. निसर्गातल्या रेणूचा नमुना पुढे ठेवून कारखान्यात घडवलेली औषधं याखेरीज वेगळी.

आता आपल्या मुलखाकडे. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी हा सगळा एकच जिल्हा, जुन्या नावाने चांदा. सरकारी दप्तरात इथल्या रानाची ओळख सागवान, बांबू आणि तेंदूपत्ता अशी. बाकी सगळं ‘गौण वनउपज’. मोहफूल, चारोळी, डिंक, हिरडा, बेहडा, आवळा, मध, लाख हे सारं गौण. ज्यांच्या घरात या ‘गौण’ मालावर वर्षाचं मीठ-मिरची, कापडचोपड चालतं, त्यांना विचारून हा शब्द ठरला नव्हता. औषधी मुळ्या तर या यादीतही तळाशी. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या बायांकडून झाडांविषयी ऐकलं आणि ‘गोईण’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा मराठी वाचकाला पहिल्यांदा कळलं की इथल्या बाईचं झाडाशी नातं मैत्रिणीसारखं असतं. कोणत्या झाडाची साल बाळंतिणीला चालते, कोणतं पान चालत नाही, हे तिला पाठ असतं. लिहिलेलं कुठेच नसतं.

निसर्गातून औषध कसं येतं याचा सर्वांत जवळचा धडा मला वरोऱ्यात दिसतो. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभं केलं, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं होतं. त्याच संस्थेत अर्नेस्ट म्यूर यांनी चालमोगऱ्याच्या तेलावर अनेक वर्षं काम केलं होतं. चालमोगऱ्याच्या कुळातलंच आपलं कडू कवठ, सह्याद्रीत वाढणारं, सुश्रुताच्या ग्रंथातलं तुवरक. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुष्ठरोगावर हाती असलेलं औषध म्हणजे हे तेल. पोटात घेतलं तर उलट्या, टोचलं तर गाठी, कारण तेल रक्तात मिसळत नाही. हवाई बेटांवर ॲलिस बॉल नावाच्या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनज्ञ मुलीने १९१५ साली या तेलातली आम्लं वेगळी करून टोचता येईल असं रूप दिलं. पुढच्या वर्षी ती वारली. तिच्या महाविद्यालयाच्या प्रमुखांनी ते काम पुढे नेलं आणि तिचं नाव न घेता छापलं. ते नाव पुन्हा उजेडात यायला अनेक दशकं लागली.

मग सल्फोन गटाची औषधं आली, डॅप्सोन आलं, चालमोगरा मागे पडला. जंतू डॅप्सोनलाही सरावू लागले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र द्यायला सांगितलं. तीच बहुविध औषधोपचाराची पाकिटं आज आपल्या आरोग्य केंद्रांत फुकट मिळतात. त्यातलं डॅप्सोन कारखान्यातलं. रिफाम्पिसिनचं मूळ मात्र फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या रानातल्या मातीत आहे. १९५७ साली तिथून आणलेल्या मातीच्या नमुन्यात मिलानच्या लेपेटिट कंपनीतल्या पिएरो सेन्सी आणि सहकाऱ्यांना तो जिवाणू सापडला. तिसरं क्लोफाझिमिन. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी क्षयावर औषध शोधत होते आणि त्यांची सुरुवात झाली होती दगडफुलातल्या एका द्रव्यापासून. क्षयासाठी केलेलं ते औषध कुष्ठरोगावर लागू पडलं. म्हणजे वरोऱ्यातल्या माणसाच्या बोटांची संवेदना वाचवणाऱ्या पाकिटात एक गोळी मातीतून आली आणि एकीची वाट दगडफुलापासून निघाली. रानातली माती हातात घेतो तेव्हा आपण काय हातात घेतो, हे मला या उदाहरणाने जसं कळलं तसं कुठल्याच पाठ्यपुस्तकाने कळलं नाही.

महाराष्ट्राच्या मातीनेही हे दिलं आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. एका गावाचं नाव जीवशास्त्रात कायमचं गेलं. गडचिरोलीतल्या आलापल्लीचं वनवैभव २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथल्या जुन्या सागांची उंची आणि घेर लोक कौतुकाने पाहतात. त्यांच्या मुळाशी पालापाचोळा कुजवत बसलेल्या जिवाणूंकडेही तितक्याच कौतुकाने पाहायला हवं.

आता त्या मलेरियाच्या गोळीकडे परत येतो, कारण या पुस्तकाचा कणा तिथे आहे. १९६७ मध्ये चीनने मलेरियावर औषध शोधण्याची एक गुप्त मोहीम काढली. तिथे तू यूयू या संशोधक बाईंनी जुने ग्रंथ आणि वैद्यांकडचे पाठ गोळा केले, शेकडो अर्क करून उंदरांवर तपासले. चिंगहाओ नावाच्या झुडपाचा अर्क कधी लागू पडे, कधी अजिबात नाही. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या पुस्तिकेत त्यांना एक तपशील सापडला: हा पाला उकळायचा नाही, गार पाण्यात भिजवून पिळायचा. त्यावरून त्यांना शंका आली की उष्णतेने द्रव्य नासत असावं. त्यांनी पाण्याऐवजी ईथर घेतलं, जे शरीराच्या तापमानापेक्षाही कमी उष्णतेवर उकळतं. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये त्या अर्काने उंदरांतले सगळे परजीवी मारले. माणसांना देण्याआधी तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेतला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ‘उकळायचं नाही’ ही गोष्ट. आपल्याकडचा एखादा पुजारी किंवा वैदू सांगतो, मुळी अमुक महिन्यात काढायची, पानं झडल्यावर काढायची, लोखंड लावायचं नाही, पहाटे ठेचायची. शिकलेला माणूस हे ऐकून सोडून देतो, झाडाचं नाव तेवढं टिपून घेतो. पण झाडातलं द्रव्य ऋतूप्रमाणे बदलतं, वयाप्रमाणे बदलतं, मुळात असतं ते पानात नसतं. सर्पगंधेच्या मुळ्या दोन-तीन वर्षांच्या झाल्यावर, हिवाळ्यात काढल्या तर त्यांत अल्कलॉइडं अधिक मिळतात, हे शेतीशास्त्रही सांगतं. वैदूच्या सगळ्याच अटींना असा आधार निघेल असं नाही. काही अटी श्रद्धेच्या असतील, काही धंद्याचं गुपित राखण्यासाठी असतील. पण टिपताना सगळ्या टिपायला हव्यात. कोणती अट खरी, हे तपासणारा ठरवील. टिपणाऱ्याने आधीच गाळणी लावली तर तपासणाऱ्याच्या हाती चोथाच येईल.

सर्पगंधेचं नाव आलंच आहे, तर मुंबईची गोष्ट सांगायला हवी. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम छापला. त्याच सुमारास सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्यातली अल्कलॉइडं वेगळी केली. पण पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष गेलं ते १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडल्यावर. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने रेसर्पिन वेगळं काढलं आणि रक्तदाबावरचं पहिल्या फळीतलं औषध जगाला मिळालं. पुढे काही रुग्णांत त्याने उदासी येते असं दिसलं, आणि मनाच्या आजारामागे मेंदूतली रसायनं असू शकतात या विचाराला त्यातून जोर मिळाला. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. आणि सर्पगंधा? रानोमाळ खणली गेली. आज तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे, कारण रानात ती विरळ झाली.

औषध सापडलं की पहिला घाव रानावर पडतो, हे आपल्या राज्यात दुसऱ्यांदाही घडलं. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबईत शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी दोन औषधांचे रेणू शोधले. १९६६ मध्ये चीनमधल्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. कर्करोगाच्या वॉर्डात आज ज्या औषधांशिवाय चालत नाही, त्यांतली ही दोन घराणी. खानदेशातल्या एका मुलाचं हे काम महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला ते नोकरीची निम्मी वर्षं उलटल्यावर कळलं. टॅक्सॉलसाठी अमेरिकेतली यूची झाडं सोलली गेली, एका रुग्णाला अनेक झाडं लागत. अखेर दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून ते बनवता आलं, तेव्हा झाडं वाचली. कॅम्प्टोथेसिनच्या बाबतीत १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात ते भरपूर आहे. पुढे कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीच्या रानांतून नरक्या चोरून तोडला गेला, पोतीच्या पोती भरून गेला. तोडणाऱ्या मजुराला त्या लाकडाचं काय होतं हे माहीत नसायचं.

गोरेगावला शोध लागला आणि आंबोलीच्या, आंबा घाटाच्या रानात कुऱ्हाड चालली. गडचिरोलीत असं उद्या घडू शकतं. म्हणून शोधाची आणि राखणीची व्यवस्था एकत्रच हवी. आधी शोध, मग बघू, हे चालणार नाही.

आता तपासणीचं एक घरगुती उदाहरण. बिजा आपल्या रानातलं झाड, कुणी बिवला म्हणतं. त्याच्या गाभ्याच्या लाकडाचा प्याला चंद्रपूरच्या बाजारात मिळतो. मी दरवर्षी एक प्याला वर्गात नेत असे. रात्री पाणी भरून ठेवायचं. सकाळी ते काचेच्या ग्लासात ओतलं की चहासारखं पिवळट-तांबूस दिसतं. मग ग्लास खिडकीत उन्हात धरायचा आणि मागे काळा कागद लावायचा. कडेला निळी झाक उमटते, मोरपिसाच्या डोळ्यासारखी. मुलं उठून पुढे येत. लाकडातलं द्रव्य उन्हातला न दिसणारा प्रकाश शोषतं आणि निळा प्रकाश परत सोडतं. त्या मिनिटात मुलांना जे पटे ते सूत्रांनी पटलं नसतं: लाकडात काहीतरी आहे आणि ते पाण्यात उतरलं आहे.

पण पुढचा प्रश्न मी तिथेच विचारत असे. ‘काहीतरी आहे’ म्हणजे मधुमेहाचं औषध आहे का? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने विजयसारावर, म्हणजे याच बिज्यावर, रुग्णांमध्ये अभ्यास करून १९९८ मध्ये निष्कर्ष छापले आणि नव्याने निदान झालेल्या सौम्य मधुमेहात साखर उतरल्याचं सांगितलं. ही मोलाची पायरी. पण त्यात औषध न दिलेल्या रुग्णांचा गट तुलनेला नव्हता. नेमकं कोणतं द्रव्य, किती, कोणाला, किती वर्षं सुरक्षित, हे ठरेपर्यंत प्याल्याला औषध म्हणता येत नाही. दोन प्याल्यांचं लाकूड सारखं नसतं आणि जुना प्याला फिका पडत जातो. इन्सुलिन सोडून प्याल्याच्या पाण्यावर राहिलेली आणि पाय गमावण्याच्या वेळी दवाखान्यात आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना प्याला विकणाऱ्याने खोटं सांगितलं होतं, आणि आम्ही शिकलेल्यांनी वेळेवर खरं सांगितलं नव्हतं.

सदाफुलीचीही अशीच गोष्ट, पण शेवट निराळा. जगात अनेक ठिकाणी, आपल्याकडेही, लोक सदाफुली मधुमेहावर खातात. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात ते तपासलं. उंदरांची साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. यात त्यांनी अपयश मानलं नाही, वाट बदलली. त्यातून व्हिनब्लास्टिन आलं आणि दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिनने अक्षरशः पिढ्या वाचवल्या. लोकांचं म्हणणं चुकलं होतं, पण त्यांनी बोट दाखवलेलं झाड बरोबर होतं. आणि म्हणूनच सांगतो, सदाफुलीची फुलं चावून खाणं थांबवा. त्यात मधुमेहाचं सिद्ध झालेलं औषध नाही, पेशी मारणारी विषं मात्र आहेत.

सापाविषयी याहून स्पष्ट बोलायला हवं. आपल्या भागात मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे श्वास थांबतो. सर्पगंधेचं नाव सापावरून असलं तरी सर्पदंशावर तिचा किंवा दुसऱ्या कुठल्या मुळीचा उपयोग सिद्ध झालेला नाही. घोड्याच्या रक्तातून बनणारी प्रतिविषाची लस हेच औषध, मुंबईची हाफकिन संस्था ती वर्षानुवर्षं बनवत आली आहे. तीही एका अर्थाने निसर्गातलीच. आणि सापाचं विषही औषधाची खाण आहे. ब्राझीलच्या एका घोणसवर्गी सापाच्या विषावरून रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल घडलं, आपल्याकडच्या फुरशाच्या विषातल्या प्रथिनाचा नमुना ठेवून हृदयविकारात देतात ते टिरोफिबान घडलं. विषाला घाबरावं आणि त्याचा अभ्यासही करावा.

राहिला हक्काचा प्रश्न, जो मला सर्वांत अवघड वाटतो. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने लेखी पुरावे दाखवून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. मराठी माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटतो, वाटावाच. पण जिंकलो ते लेखी पुराव्यामुळे. त्यानंतर सरकारने पारंपरिक ज्ञानाचं जे डिजिटल ग्रंथालय उभं केलं, तेही प्रामुख्याने आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर. इथल्या माडिया आदिवासी बाईच्या तोंडी असलेलं ज्ञान कोणत्या ग्रंथात आहे? ते लिहिलं नाही तर तिच्याबरोबर जाईल, किंवा कुणी उचलून नेलं तरी आपल्याला सिद्ध करता येणार नाही. ते लिहून सगळ्यांसमोर ठेवलं तर पेटंट अडेल, पण मग कुणीही ते फुकट वापरील आणि गावाला काही मिळणार नाही. ही कोंडी खरी आहे. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यात गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथातल्या ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना लाभवाटपातून मोकळीक मिळाली. माझ्या मते त्यामुळे मौखिक ज्ञानाची राखण अधिकच निकडीची झाली आहे.

केरळात १९८७ मध्ये काणी आदिवासी वाटाड्यांनी वैज्ञानिकांना थकवा घालवणारं एक फळ दाखवलं. त्यातून ‘जीवनी’ नावाचं औषध झालं आणि परवाना शुल्क व स्वामित्वधनाचा अर्धा वाटा काणींच्या विश्वस्त संस्थेला देण्याचं ठरलं. पुढे त्यात अडचणी आल्या, रोप रानातून ओरबाडलं गेलं, काणींमध्येही मतभेद झाले. तरी वाटाड्याचा वाटा कागदावर लिहिला गेला, हे देशात पहिल्यांदाच.

आपल्याकडे त्याहून भक्कम पाया आहे. वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्यात जैवविविधतेवरचा व पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क शब्दशः लिहिलेला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर रानावरचा सामूहिक हक्क मिळाला. त्याआधी वर्षानुवर्षं देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल, अभ्यासगट चालवत होते. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, हे या गावाने बसून शिकून घेतलं. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. बांबू आणि तेंदूपत्ता ग्रामसभा विकतात, हिशेब ठेवतात. जी ग्रामसभा बांबूचा लिलाव करू शकते, ती मुळीविषयी येणाऱ्या संशोधकाशी करारही करू शकते. तिला हवा आहे तो रसायनशास्त्र समजणारा आणि तिच्याशी प्रामाणिक राहणारा माणूस. असे तरुण गावागावांत आहेत, आमच्याच वर्गांतून शिकून गेलेले आहेत.

पुस्तकाच्या मांडणीविषयी एवढंच सांगतो की इथे झाडांचे पाठ छापलेले नाहीत. कोणती मुळी किती घ्यायची, हे यात शोधू नका. जे ज्ञान एखाद्या गावाचं किंवा घराण्याचं आहे, ते गावाच्या ठरावाशिवाय छापू नये असं मला वाटतं. ग्रंथांत आणि शोधनिबंधांत आधीच आलेलं तेवढंच इथे आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ १९१८ मध्ये निघाला, त्यासारखं काम आज पुन्हा करायचं झालं तर ते गावाला सोबत घेऊनच करावं लागेल.

वाचकांना दोन विनंत्या. तुम्ही याच मुलखातले असाल, तर आजीला किंवा गावच्या पुजाऱ्याला विचारून एका वहीत लिहायला लागा: झाडाचं त्यांच्या बोलीतलं नाव, कोणता भाग, कोणता महिना, कसं करायचं, काय पथ्य. पहिल्या पानावर सांगणाऱ्याचं नाव घाला आणि ती वही ग्रामसभेच्या ताब्यात ठेवा. आणि घरात कुणाला साप चावला, किंवा ताप उतरत नसला, तर हे पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याला आधी दवाखान्यात न्या.